द्राक्षाच्या वासाची तंबाखू

आत्माराम पिलणकर बोटीवरून सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेतून आईसाठी शाल, बहिणीसाठी मनगटी घड्याळ, बापासाठी दाढीचं सामान असं बरंच काही निघालं. सगळं वाटून झाल्यावर बॅगेच्या तळाशी, लोकरी स्वेटरच्या घडीत, एक पाइप आणि तंबाखूचा पत्र्याचा डबा उरला. ते त्याने कोणाला दाखवलं नाही.

पाइप त्याला बोटीवरच्या चीफ इंजिनियरने दिला होता. म्हातारा डॅनिश माणूस, नोकरी संपवून घरी निघालेला. आत्माराम त्याची केबिन झाडायचा, त्याचं जेवण न्यायचा, उष्टं ताट परत आणायचा. जाताना म्हाताऱ्याने आपल्या पाइपांमधला एक जुना पाइप त्याच्या हातात ठेवला, आणि तो कसा भरायचा हे डेकवर बसून शिकवलं. खाली सैल, वर जरा दाबून. पहिल्या काडीने नुसता वरचा थर करपवायचा, मग दाबायचं, मग दुसरी काडी. घाई केली की जीभ पोळते.

तंबाखू आत्मारामने पुढे अँटवर्पला स्वतःच्या आवडीने घेतली. डब्यावर काळ्या द्राक्षांचा घोस आणि उंच दांडीचा ग्लास रंगवलेला, खाली इंग्रजीत ‘वाईन’ हा शब्द. झाकण उघडलं की पिकून आंबायला आलेल्या द्राक्षांचा, मनुकांचा, जुन्या लाकडी पिंपाचा वास यायचा. ओढताना जिभेला त्यातलं फारसं काही लागत नसे. वास आजूबाजूच्यांना, ओढणाऱ्याला नुसता ऊन धूर.

तरी आत्मारामला पाइप ओढायला आवडायचा, आणि का आवडायचा हे त्याला चांगलं ठाऊक होतं. बोटीवर तो मेसमधला नोकर होता. गावी मिऱ्यावर मात्र, धोंडू पिलणकराचा मुलगा बोटीवर ऑफिसर आहे असं कोणीतरी पहिल्याच सुट्टीत बोलून गेलं होतं, आणि त्याने ते खोडलं नव्हतं. पुढे पुढे खोडणं कठीण झालं. पाइप तोंडात धरला की थोडा वेळ का होईना, ते खरं वाटायचं.

बापासमोर त्याने कधी साधी विडीसुद्धा पेटवली नव्हती. म्हणून तो पाइप ओढायचा घराच्या कडेच्या छोट्या खोलीत, दार लोटून, समुद्राकडच्या खिडकीशी उभा राहून. शर्टाला वास राहतो हे त्याला कळत होतं. पण काजूचे दिवस होते. बोंडू झाडांखाली पडून कुजत होते आणि साऱ्या वाडीलाच आंबूस वास सुटला होता. त्यात आपला खपून जाईल असं त्याला वाटलं.

त्याचा बाप धोंडू मिरकरवाड्याच्या बंदरावर मासेमारीचे मचवे आणि लाँचा दुरुस्त करणारा सुतार होता. हात इतका बसलेला की फळी जुळवली तर मध्ये नख जात नसे. पण एके काळी तो फार प्यायचा. थोरली मुलगी मालन, तिच्या साखरपुड्याच्या दिवशी तो पिऊन मांडवात पडला, व्याह्यांच्या अंगावर ओकला. ती मंडळी तशीच उठून गेली. मालन नंतर पोफळीच्या वीजघराच्या कॉलनीत एका बिजवराला दिली. तिची पाठवणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी धोंडूने ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि दारू सोडली. तेव्हापासून शिमग्यात सारी वाडी झिंगलेली असली तरी धोंडू कोरा. लोक सुरुवातीला हसले, मग मानू लागले.

आता धाकटी कमळा लग्नाची होती. देवरुखहून स्थळ आलं होतं. मुलगा रघुनाथ तिथल्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला. वडील नव्हते. आई गंगाबाई, आणि सगळं बघणारे काका, भागोजी गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. मुलीला बघायला रविवारी दुपारनंतर येतो असा निरोप त्यांनी धाडला होता.

ते आले सकाळीच. कोणाची तरी जीप रत्नागिरीला यायची होती, तीत जागा मिळाली. आत्माराम तेव्हा कडेच्या खोलीत होता. घरात शेजारच्या बायका जमलेल्या, चुलीवर काय काय चढलेलं. आपल्याला कोण विचारतंय म्हणून त्याने पाइप भरला होता. अर्धा झाला असेल नसेल, तोच अंगणात जीप थांबली आणि आईची हाक आली, “आत्म्या, पावणे आले रे.”

त्याने पाइप तळहाताने दाबून विझवला आणि पँटच्या खिशात कोंबला. गडबडीत खिडकीतला डबा कलंडला आणि ओलसर, काळपट तंबाखू जमिनीवर पसरली. पायाने ती खाटेखाली सारून तो दार उघडून बाहेर आला. दार उघडलं तसा खोलीत कोंडलेला वास त्याच्यामागून ओटीवर आला.

बोलणं सुरुवातीला छान चाललं. गुरुजींनी आत्मारामची चौकशी केली.

“बोटीवर ऑफिसर आहात म्हणे.”

“हो, म्हणजे, बोटीवरच असतो,” आत्माराम म्हणाला. गुरुजींनी कौतुकाने मान हलवली.

कमळा कोकम सरबत घेऊन आली, नमस्कार करून बसली. रघुनाथने तिच्याकडे बघितलं, मग आपल्या चपलांकडे बघितलं. गंगाबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि तिचा हात हातात घेतला. तो हात तसाच धरून त्या थांबल्या. त्यांनी नाक किंचित वर केलं आणि दिराकडे बघितलं. गुरुजींनाही ते आधीच कळलं असावं. त्यांनी पेला खाली ठेवला.

“धोंडूशेट, राग मानू नका,” ते म्हणाले. “पण विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. घरात आज कोणी घेतली आहे का?”

यमुनाबाई, आत्मारामची आई, दारातूनच बोलली, “नाय हो. आमच्याकडे आता कोण शिवत पण नाय.”

“वास येतोय, वहिनी. गोडसर आहे, पण ओळखू येतो. आमच्या घरात हा वास पुष्कळ वर्षं राहिलेला आहे.” गुरुजींनी आवाज खाली आणला. “माझा भाऊ त्यातच गेला. तुमचं मागचं सगळं आम्हाला माहीत आहे, धोंडूशेट. सोडलीत हेही कळलं, म्हणून तर आलो.”

आत्माराम खोलीच्या दाराशी उभा होता. खिशातला पाइप अजून गरम होता, मांडीला चटका बसत होता. बोलायचं काय ते त्याच्या ओठांवर आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं की दारू नाही ही, माझी तंबाखू आहे. पण मग पाइप बाहेर काढावा लागणार, बापासमोर, मुलीला बघायला आलेल्या माणसांसमोर. ऑफिसर म्हणून आत्ताच ओळख झालेली. डब्यावर ग्लासाचं चित्र. ते काय म्हणतील? जरा थांबू, असं त्याला वाटलं. श्वास घेऊन बोलू.

तेवढ्यात धोंडूने त्याच्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग तो पाहुण्यांकडे वळला.

“मी घेतली,” तो म्हणाला. “सकाळी. थोडीच. पोरीचं ठरायचं होतं, जीव थाऱ्यावर नव्हता.”

आतल्या बायकांची कुजबुज थांबली. यमुनाबाईने दाराची चौकट धरली. कमळा मान खाली घालून बसली होती; तिने फक्त एकदा मान वर केली आणि भावाकडे बघितलं.

आत्माराम बोलला नाही.

गंगाबाई उठल्या. जाताना त्यांनी यमुनाबाईच्या खांद्यावर हात ठेवला. “बाय, तुमचा यात काय दोष नाय. पोर गुणाची हाय. पण माझा मुलगा सासरवाडीला आला आणि त्याच्यापुढे कोणी पेला ठेवला, तर मी काय करू? मला ती भीती पुरी झाली.” धोंडूकडे त्यांनी बघितलंही नाही. जीप वळली, माडांतून दिसेनाशी झाली. शेजारच्या बायका एकेक करून मागच्या दाराने गेल्या.

यमुनाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाली, “आजच? आजचा दिवस मिळाला तुमाला?” नंतर तिने त्याचं ताट वाढून ठेवलं आणि ती तिथून उठली. धोंडूने ताटाला हात लावला नाही. खांद्यावर पंचा टाकून तो समुद्राच्या बाजूला निघून गेला.

कमळा विहिरीवर पाहुण्यांचे पेले विसळत होती. आत्माराम तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. तिने वर न बघता पुढचा पेला घेतला.

“तुझ्या खोलीतला केर मी काढते, दादा,” ती म्हणाली. “तो लाकडी पाइप, तो डबा, मला आल्याच्या दुसऱ्या दिवशी दिसला. वास कशाचा ते मला माहीत होतं.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“मी?” तिने पेला उपडा ठेवला. “बघायला आलेल्या पोरीने मध्ये तोंड घालायचं, आणि तुझं नाव सांगायचं? मी वाट बघत होते. आबा बोलले तेव्हा वाटलं, आता तू बोलशील. मग त्या उठल्या, तेव्हा वाटलं, आता. जीप चालू झाली तरी मला वाटत होतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच आत्मारामला सोसेना. तो तिथून निघाला आणि खोलीत जाऊन खाटेखालची तंबाखू गोळा करू लागला. धुळीत मिसळलेली ती चिकट तंबाखू त्याने डब्यात भरली, झाकण लावलं आणि डबा घेऊन बापाला शोधायला गेला.

धोंडू किनाऱ्यावर एका पालथ्या होडीच्या सावलीत बसला होता. आत्माराम त्याच्यासमोर वाळूत बसला आणि त्याने पाइप आणि डबा दोन्ही मध्ये ठेवलं.

“आबा, ही दारू नव्हती. ही तंबाखू आहे. मी ओढतो.”

धोंडूने डबा उचलला. झाकण काढून हुंगला. चिमूटभर तंबाखू बोटांत मळली, नेहमीची मळावी तशी, आणि दाढेखाली धरली. थोड्या वेळाने थुंकला.

“तंबाखूच हाय,” तो म्हणाला. “वास मारलेली.”

“होय.”

“आणि दारू?”

“कधीच नाही, आबा.”

धोंडू बराच वेळ डब्यावरच्या चित्राकडे बघत राहिला. “तू आलास त्याच आठवड्यात मी हा डबा बघितला. रंधा शोधत होतो तुझ्या खोलीत. इंग्रजी मला येत नाय, पण ग्लास कळतो. तुझ्या शर्टाला वास यायचा. मला वाटलं, पोरगा माझ्यावर गेला.”

“मला विचारायचं होतंत.”

“विचारलं असतं, आणि तू होय म्हणाला असतास, तर?” धोंडूने मान हलवली. “माझ्याच्यानं झालं नाय. आज त्यांनी विचारलं तेव्हा तू दारात पांढराफटक पडला होतास. मी म्हटलं, माझं नाव आधीच गेलेलं हाय. आणखी एकदा गेलं तर काय? तुझं कोरं हाय. तुझं लग्न व्हायचंय.”

आत्मारामने मान वर केली नाही. वाळूत बोटाने रेघा ओढत तो म्हणाला, “आणि मी गप्प राहिलो.”

“राहिलास,” धोंडू म्हणाला. त्याने नाही म्हटलं नाही, समजूतही काढली नाही. मग पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. “पण मीही तुला दारुडा ठरवून बसलो होतो, मनातल्या मनात, इतके दिवस. एकत्र जेवत होतो आपण. मला तुझ्यापेक्षा जास्त लाज वाटायला पायजे.”

दोघेही तिथे बसून राहिले. एकमेकांकडे बघणं दोघांनाही जड जात होतं. शेवटी धोंडू उठला आणि पंचा झटकत म्हणाला, “आऊशीला सांग. ती माझ्याशी बोलत नाय.”

आत्मारामने आईला सांगितलं. यमुनाबाईने ऐकून घेतलं, हातातलं काम ठेवलं आणि धोंडूचं तसंच झाकून ठेवलेलं ताट उचलून त्यातला भात गरम करायला घेतला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आत्माराम देवरुखला गेला. कोणी जा म्हटलं नव्हतं. हातखंब्यापर्यंत त्याने काय बोलायचं ते ठरवलं, पुढे घाटात ते सगळं विसरला. भागोजी गुरुजींचं घर कॉलेजच्या मागच्या चढावर होतं. गुरुजी ओटीवर पेपर वाचत होते. गंगाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्याला बघून दोघांनीही हातातलं थांबवलं.

“बसा,” गुरुजी म्हणाले.

तो बसला नाही. उभ्यानेच त्याने सांगितलं, की आबांनी काल काही घेतलं नव्हतं. वास माझ्या तंबाखूचा होता. मला वाचवायला ते तसं बोलले.

गुरुजींनी चष्मा काढला. “पोरगा बापाची बाजू घ्यायला आलाय, असं मी का समजू नये?”

आत्मारामने डबा आणि पाइप पिशवीतून काढले. गुरुजींनी डबा हुंगून बघितला, वहिनीकडे दिला. गंगाबाईंनी हुंगला आणि त्या साशंकपणे म्हणाल्या, “असाच होता. पण काल घरभर होता.”

“मग पेटवा,” गुरुजी म्हणाले.

“इथे?”

“त्याशिवाय कसं कळणार?”

एका अनोळखी घराच्या ओटीच्या पायरीवर बसून, दोन वडीलधाऱ्या माणसांसमोर, आत्माराम पाइप भरू लागला. तंबाखूत कालची धूळ होती. पहिली काडी विझली, दुसरी वाऱ्याने गेली. समोरच्या घरातली एक बाई कुंपणाशी येऊन बघू लागली. कॉलेजला निघालेली दोन मुलं रस्त्यात थांबली आणि एकमेकांना कोपराने ढोसू लागली. आत्माराम मान खाली घालून काड्या ओढत राहिला. एकदाचा पाइप पेटला. त्याने जोरजोराने धूर ओढला, घाईत जीभ पोळली, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. धूर ओटीवर पसरला.

गंगाबाई सूप बाजूला ठेवून जवळ आल्या. “हाच,” त्या म्हणाल्या. “भावजी, हाच वास.”

“विझवा आता ते,” गुरुजी म्हणाले. आत्मारामने विझवला. गुरुजींनी धूर हाताने बाजूला केला. “तुम्ही दारात उभे होतात ना काल?”

“होय.”

“वडिलांनी आळ आपल्यावर घेतला, तो ऐकलात?”

“होय.”

“आणि आम्ही उठून जाईपर्यंत उभेच राहिलात. का?”

बापाला तंबाखू ओढल्याचं कळेल म्हणून, हे खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. “तुम्ही मला ऑफिसर म्हणालात,” तो शेवटी म्हणाला. “मी ऑफिसर नाही. मेसमध्ये ताटं देतो, केबिनी झाडतो. हा पाइप पण एका ऑफिसरचाच आहे. काल सगळं एकदम बाहेर पडेल असं वाटलं.”

गुरुजींनी चष्मा पुसला आणि परत लावला. ते ओरडले असते, तर आत्मारामला बरं वाटलं असतं.

गंगाबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. “पी. जीभ भाजली असेल,” त्या म्हणाल्या. मग तिथेच पायरीवर टेकल्या. “माझा माणूस पायावर उभा राहू शकत नसायचा, तोंडाला भपकारा मारायचा, आणि मला म्हणायचा, नाय गो, घेतली नाय. मरेपर्यंत एकदा खरं बोलला नाय. आणि तुझा बापूस न घेता घेतली म्हणाला, आणि मी त्या माणसाकडे न बघता निघून आले.” त्यांनी पदराने डोळे टिपले. “जेवून जा आता.”

तो नको म्हणाला, पण त्यांनी ऐकलं नाही. भाजलेल्या जिभेला आमटी झोंबत होती. तो खाली बघून जेवला. रघुनाथ कॉलेजातून दुपारचा घरी आला, त्याला काय झालं ते कळलं. तो आत्मारामच्या शेजारी पाटावर बसला आणि काहीच सुचेना म्हणून त्याला विचारलं, “बोट लागते का हो, सुरुवातीला?”

“लागते,” आत्माराम म्हणाला. “मला अजून लागते.”

पुढच्या रविवारी गुरुजी एकटेच मिऱ्याला आले. त्यांनी ओटीवर धोंडूपुढे हात जोडले. धोंडू गडबडून उभा राहिला, त्यांचे हात धरून म्हणाला, “असं नका करू. माझ्या मागच्या वागण्यावरून कोणालाही तसंच वाटलं असतं.” वैशाखात लग्न ठरलं.

पण देवरुखला एक गोष्ट कळली म्हणून ती मिऱ्यावर कळली असं होत नाही. त्या दिवशी स्वयंपाकघरात असलेल्या बायकांनी धोंडूचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते मिरकरवाड्याच्या जेट्टीवर पोचलं होतं. आत्माराम दुकानावर, पारावर जो भेटेल त्याला सांगत सुटला की ती तंबाखू होती. लोक ऐकून घ्यायचे. “असं काय? बरं बरं,” म्हणायचे. पाठ वळली की दादू दुकानदार म्हणायचा, “मुलगा हाय, बापासाठी बोलणारच.”

इब्राहिमशेटच्या लाँचेच्या तळाच्या फळ्या बदलायचं काम धोंडूला मिळणार होतं. तोंडी ठरलेलं होतं. ते काम दुसऱ्या सुताराला दिल्याचं धोंडूला परस्पर कळलं. तो घरी काही बोलला नाही. नेहमीच्या वेळी उठला, हत्यारांना धार लावली आणि पुन्हा पिशवीत भरून ठेवली. ती पिशवी भिंतीशी तशीच ठेवलेली बघून आत्मारामने कमळाला विचारलं, तेव्हा विहिरीवर कानांवर आलेलं तिने सांगितलं.

तो बापाला घेऊन मिरकरवाड्याला गेला. धोंडू यायला तयार नव्हता. “मागायला गेल्यासारखं दिसतं,” म्हणत होता. आत्माराम म्हणाला, “तुम्ही काही बोलू नका. नुसते उभे राहा.”

सकाळचा लिलाव नुकताच संपला होता. जेट्टीवर खलाशी, टोपल्या उचलणाऱ्या बायका, बर्फाच्या गाड्या, सगळी गर्दी होती. इब्राहिमशेट लाकडी खोक्यावर बसून चहा पीत होता. आत्मारामने सलाम केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं, पहिल्यापासून. मधलं काही गाळलं नाही. मी मेसमध्ये ताटं उचलतो, तेही सांगितलं; लोकांना ऑफिसर वाटत होतो, तेही. बाप माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी खांबासारखा उभा राहिलो, हे त्याने बापाकडे बघून सांगितलं.

मग मागून एक खलाशी म्हणाला, “म्हणजे सायबाची बशी पुसून हा सायबाची चिलीम ओढतो होय?” आणि सगळे हसले. बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. डबा हातोहात फिरला. कोणी म्हणालं बोंडूचा वास, कोणी म्हणालं केसाच्या तेलाचा. एकाने तंबाखू विडीच्या पानात भरून ओढली आणि खोकून खोकून खाली बसला. आत्माराम मध्ये उभा होता. तोंड लाल झालं होतं, पण तो हलला नाही.

इब्राहिमशेटने चहाचा ग्लास खाली ठेवला. “धोंडू,” तो म्हणाला, “मला एकदा विचारायला काय झालं होतं? मी पण विचारलं नाही, माझं चुकलं. त्या दुसऱ्याला मी सांगतो. उद्या ये.”

धोंडूने मान हलवली. वाटेने परतताना दोघे पुढेमागे चालत होते. फाट्याशी धोंडू थांबला.

“एवढं सगळं सांगायला नको होतं,” तो म्हणाला. “ताटाबिटांचं.”

“तेवढं ठेवून बाकीचं सांगता येईना, आबा.”

लग्न अंगणातच झालं. पोफळीहून मालन मुलाबाळांना घेऊन चार दिवस आधी आली. कमळाने तिला सगळी हकीकत सांगितली होती. हळदीच्या दिवशी मालन आत्मारामला खायला देत होती, तेव्हा सहज बोलावं तशी म्हणाली, “कमळीसाठी तू देवरुखला गेलास ते बरं केलंस. माझ्या वेळेला कोण गेलं नाय.” तेव्हा तो सोळासतरा वर्षांचा होता, जाऊ शकला असता. धोंडू शेजारीच हार सोडवत बसला होता. दोघांनीही ऐकलं. मालनने उत्तराची वाट बघितली नाही. ती पुढच्या पंगतीला वाढायला गेली.

पावसाच्या तोंडावर आत्मारामला बोटीचा बोलावा आला. तोवर मिऱ्यावर त्याला नवं नाव पडलं होतं. पारावर, दुकानात, जेट्टीवर सगळे त्याला पायप्या म्हणू लागले. “काय पायप्या, निघालास?” “पायप्या, येताना आमालापण आण, पण नारळाच्या वासाची.” पुढच्या सुट्टीला आला तेव्हाही तेच नाव, त्याच्या पुढच्या सुट्टीलाही. पहिल्यांदा तो चिडायचा, मग मान खाली घालून हसायचा. धोंडूच्या पिण्याविषयी मात्र नंतर कोणी बोललं नाही. बोलायला लोकांना त्यापेक्षा मजेशीर काहीतरी मिळालं होतं. हे आत्मारामच्या लक्षात आलं, तेव्हापासून तो त्या नावाला ओ द्यायला लागला.